चिपचा सातबारा : चेन्नईचा 'शक्ती' प्रोसेसर आणि वर्णन-फायलींचा इतिहास

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयआयटी मद्रास आणि इस्रो यांनी 'आयरिस' ही अवकाश-उपयोगासाठीची नियंत्रक चिप यशस्वीपणे बूट झाल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी तिचा प्रवास हौसेने सांगितला. चिपचा गाभा चेन्नईतील 'शक्ती' प्रोसेसरचा, मूळ कल्पना तिरुवनंतपुरम येथील इस्रोच्या जडत्व प्रणाली विभागाची, घडण चंडीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने, पॅकेजिंग कर्नाटकात, मदरबोर्डचे सर्किट बोर्ड गुजरातेत, सुट्या भागांची जुळणी पुन्हा चेन्नईत आणि पहिली जाग आयआयटीच्या आवारात. अर्धा भारत फिरून आलेल्या या चिपचे कौतुक योग्यच होते.

बातमीतल्या 'बूट झाली' या दोन शब्दांपाशी मात्र फारसे कोणी थांबले नाही. चिप बूट होते म्हणजे नेमके काय होते? वीज मिळताच प्रोसेसर जागा होतो आणि पहिली आज्ञा वाचतो. त्या क्षणी त्याच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आजूबाजूचे काहीच ठाऊक नसते. स्मृती कोठे सुरू होते, किती आहे, अक्षरे बाहेर पाठवण्याचा सिरियल पोर्ट कोठे आहे, घड्याळाचा वेग किती, कोणते उपकरण कोणत्या क्रमांकाने प्रोसेसरचे लक्ष वेधणार, हे सगळे त्याला कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणारा दस्तऐवज साधा मजकूर असतो. त्याचा इतिहास सुमारे साडेतीन दशकांचा आहे. तो कसा लिहावा यावर जितका विचार झाला, जवळजवळ तितकाच तो कोठे ठेवावा, कोणत्या नावाने ठेवावा आणि कोणी सांभाळावा यावर झाला. भारतात स्वतःच्या चिप घडू लागल्या असताना हा इतिहास जाणून घेणे आपल्या थेट उपयोगाचे आहे.

घरातल्या संगणकाला ही अडचण फारशी जाणवत नाही. त्याच्यातील पीसीआय जोडणीवरची उपकरणे विचारल्यावर आपली ओळख सांगतात : मी अमुक कंपनीचे, तमुक प्रकारचे, मला इतकी जागा हवी. उरलेली माहिती फर्मवेअर 'एसीपीआय' नावाच्या तक्त्यांतून पुरवते. मोबाइल, वॉशिंग मशीन, वीजमीटर किंवा उपग्रहातील चिपमध्ये अशी विचारपूस बहुधा नसते. तेथे सिरियल पोर्ट, टायमर, तापमान-संवेदकाची जोडणी हे सारे एकाच सिलिकॉनवर ठरावीक पत्त्यांवर बसवलेले असते आणि विचारले तरी ते बोलत नाही. भलत्याच पत्त्यावर दार ठोठावले तर उत्तर न येता संपूर्ण यंत्रणा गोठण्याचीही शक्यता असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चटकन समजेल. शेत कितीही सुपीक असले तरी ते आपण होऊन सांगत नाही की माझा गट क्रमांक काय, क्षेत्र किती, भोगवटादार कोण, विहिरीवर कोणाचा हक्क, पोटखराबा किती. ते सारे नमुना सात आणि नमुना बारामध्ये लिहिलेले असते. ज्या चेन्नईची गोष्ट आपण पाहणार आहोत, तेथील शेतकऱ्याला हेच काम 'पट्टा' आणि 'चिट्टा' या कागदांवरून करावे लागते. चिपमधील पत्त्यांची सलग पट्टी म्हणजे गावची शिवार समजा. प्रत्येक उपकरणाला तिच्यात एक तुकडा मिळालेला असतो. त्या तुकड्याचा आरंभ, लांबी, त्यावर बसलेले उपकरण आणि त्याचे 'इतर हक्क' म्हणजे घड्याळ, इंटरप्ट व वीजपुरवठा, यांची नोंद ज्या फाईलमध्ये असते तिला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. ट्री अशासाठी की नोंदी झाडासारख्या फांद्यांत मांडलेल्या असतात : मुळाशी संपूर्ण बोर्ड, त्याखाली प्रोसेसर, स्मृती आणि जोडण्या, आणि जोडणीखाली तिच्यावरील उपकरणे.

एक नोंद प्रत्यक्ष पाहू. 'शक्ती'च्या सी-वर्गातील संदर्भ-चिपवर सिरियल पोर्टचा पत्ता षोडशमान पद्धतीत ११३०० आहे, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ७०,४००. मुख्य स्मृती षोडशमानातील ८ या अंकापुढे सात शून्ये, म्हणजे बरोबर २ गिगाबाइटच्या खुणेपासून सुरू होते. आता 'क्यूईएमयू' या प्रसिद्ध अनुकरण-प्रणालीतील सर्वसाधारण रिस्क-फाइव्ह यंत्र घेतले तर तेथे स्मृती त्याच खुणेपासून सुरू होते, पण सिरियल पोर्ट २६,८४,३५,४५६ या पत्त्यावर आहे. दोन्ही ठिकाणचा प्रोसेसर एकच आज्ञासंच जाणतो, एकाच प्रकारची बेरीज-वजाबाकी करतो. तरीही एका यंत्राचा पत्ता गृहीत धरून लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर मुका राहील. आज्ञासंच एक असला की सॉफ्टवेअर आपोआप सगळीकडे चालते, हा गोड गैरसमज येथेच संपतो.

पत्त्याइतकीच घड्याळाची नोंदही नाजूक असते. सिरियल पोर्टवरून सेकंदाला १,१५,२०० बिट पाठवायचे असतील तर चिपच्या घड्याळाला एका पूर्णांकाने भागावे लागते. 'शक्ती'च्या सिरियल पोर्टसाठी हा भाजक म्हणजे घड्याळाची वारंवारता भागिले इच्छित वेगाची सोळा पट. समजा घड्याळ ५ कोटी हर्ट्झचे आहे. भागाकार २७.१३ येतो, भाजक २७ धरतात आणि प्रत्यक्ष वेग १,१५,७४१ होतो. अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेली ही चूक समोरचे यंत्र पोटात घालते. पण वर्णनात घड्याळ १० कोटी हर्ट्झ असे लिहिले गेले तर भाजक ५४ निघतो, प्रत्यक्ष वेग ५७,८७० म्हणजे निम्मा होतो आणि पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडतो. सिलिकॉन निर्दोष, कार्यक्रम निर्दोष. कागदावरचा एक आकडा तेवढा चुकीचा. भौतिकशास्त्रात प्रयोगाचे उपकरण कितीही उत्तम असले तरी अंशांकनाची वही चुकली की निष्कर्ष चुकतो, तसेच हे.

आता इतिहासाकडे वळू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. तिचे संगणक एका प्रोसेसर-घराण्याकडून दुसऱ्याकडे जात होते आणि प्रत्येक विस्तार-कार्डासाठी प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा कार्यक्रम लिहिणे परवडणारे नव्हते. तेथील मिच ब्रॅडली यांनी फोर्थ या आटोपशीर भाषेवर आधारलेले 'ओपनबूट' हे फर्मवेअर घडवले. संगणक सुरू होताना ते आपल्या हार्डवेअरचे झाड स्मृतीत तयार करी आणि कार्यकारी प्रणालीच्या हाती देई. हीच कल्पना 'ओपन फर्मवेअर' या नावाने १९९४ मध्ये आयईईई १२७५ हे मानक झाली. ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांनी आणि आयबीएमच्या सर्व्हरांनी तिचा अंगीकार केला. हार्डवेअरची माहिती कार्यक्रमाच्या पोटात न दडवता वेगळी, वाचता येईल अशी ठेवावी, हा विचार तेव्हा रुजला.

पण ओपन फर्मवेअर हे मोठ्या यंत्रांचे वैभव होते. कारखान्यातील किंवा दूरसंचार-पेटीतील छोट्या बोर्डावर तेवढे फर्मवेअर ठेवणे कोणाला परवडत नसे. लिनक्समध्ये पॉवरपीसीच्या ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन शाखा स्वतंत्रपणे वाढत होत्या. २००५ मध्ये त्या एकत्र आणताना बेंजामिन हेरेनश्मिट आणि इतरांनी एक साधा तोडगा काढला. झाड घडवणारे फर्मवेअर नसले तरी चालेल. झाड आधीच माणसाने लिहून, सपाट करून एका छोट्या फाईलमध्ये बांधावे आणि बूटलोडरने ती फाईल कर्नलच्या हवाली करावी. मजकूर-फाईलपासून ही बांधीव फाईल तयार करणारा 'डीटीसी' हा संकलक डेव्हिड गिब्सन यांनी लिहिला. बांधीव फाईलची पहिली चार बाइट्स षोडशमानात वाचली आणि शून्यांना 'ओ' मानले तर 'डूड फीड' असे इंग्रजी शब्द दिसतात. अभियंत्यांची ही थट्टा आज जगभरच्या असंख्य यंत्रांत मुक्कामाला आहे. नव्या एकत्रित शाखेत यायचे तर वर्णन-फाईल हवीच, अशी अट घातली गेली. २००८ मध्ये जुनी ३२-बिट शाखा कर्नलमधून काढून टाकण्यात आली.

त्याच सुमारास मोबाइल फोनांच्या लाटेवर आर्म प्रोसेसर सर्वत्र पसरत होता. आर्मच्या जगात ही शिस्त नव्हती. प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत एक 'बोर्ड फाईल' लिही आणि कर्नलमध्ये ढकली. वस्तुतः त्या फायलींत तर्क थोडा आणि पत्त्यांचे तक्तेच फार असत. शेजारच्या कंपनीने हेच काम आधी केले आहे की नाही, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नसे. परिणामी एका बोर्डासाठी बांधलेला कर्नल दुसऱ्या बोर्डावर चालत नसे आणि नव्या आवृत्तीत एकाच्या बदलांवर दुसऱ्याचे बदल आदळत. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आर्म विभागातील या गोंधळाबद्दल अत्यंत कडक शब्दांत जाहीर नाराजी व्यक्त केली. गावात प्रत्येकाने आपल्या शेताचा कागद स्वतःच्याच लिपीत लिहून चावडीवर आणून टाकावा, अशी ती अवस्था होती.

त्या रागातून सुधारणा झाली. आर्मच्या विविध चिपचे बदल एकत्र तपासून पुढे पाठवण्यासाठी आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहान्सन यांच्या देखरेखीखाली एक सामाईक व्यवस्था उभी राहिली. ग्रँट लाइकली आणि सहकाऱ्यांनी पॉवरपीसीतील वर्णन-फायलींची पद्धत आर्ममध्ये आणली. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.७ पासून एकच बांधलेला आर्म कर्नल निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपवर चालवणे शक्य झाले. बोर्डानुसार बदलते ते फक्त सोबतचे वर्णन.

एक प्रश्न सुटला आणि त्याच्या पोटातून दुसरा उभा राहिला : या फायली रचायच्या कशा?

पहिला उपाय थरांचा होता. चिप एक असते, ती वापरणारे बोर्ड अनेक असतात. म्हणून चिपच्या पोटातील कायमची माहिती एका सामाईक फाईलमध्ये लिहायची आणि बोर्डाच्या फाईलने ती समाविष्ट करून स्वतःपुरते फरक वर लिहायचे. चिपमध्ये सिरियल पोर्ट सहा असतील, पण या बोर्डावर दोनच बाहेर काढले असतील, तर सामाईक फाईलमध्ये सहाही 'बंद' म्हणून नोंदलेले राहतात आणि बोर्डाची फाईल त्यांतील दोन 'चालू' करते. पडीक जमीन उताऱ्यावर असते, पण पीक फक्त पेरलेल्या तुकड्यासमोर लिहितात, त्यातला प्रकार. यामुळे चिपबद्दलची चूक एका ठिकाणी दुरुस्त केली की सगळ्या बोर्डांवर दुरुस्त होते.

दुसरा प्रश्न कप्प्यांचा होता. ३२-बिट आर्मच्या सगळ्या फायली वर्षानुवर्षे एकाच फोल्डरमध्ये साठत गेल्या. २०२३ पर्यंत तेथे दीड हजारांहून अधिक बोर्ड जमले होते. हे आवरण्याचे प्रयत्न आधीही झाले, पण ते रेंगाळले आणि त्यामागचे कारण मोठे बोलके आहे. वर्णन हे हार्डवेअरचे असते, लिनक्सचे नसते. म्हणून या फायली कर्नलमधून बाहेर काढून स्वतंत्र भांडारात न्याव्यात, असा एक विचार प्रबळ होता. घर लवकरच बदलायचे आहे म्हटल्यावर जुन्या घरातील माळा कोण आवरणार? अखेर ते स्थलांतर नजीकच्या काळात होत नाही हे मान्य झाले आणि रॉब हेरिंग यांनी सर्व फायली उत्पादक-कंपनीनिहाय उपफोल्डरांत हलवल्या. ऑगस्ट २०२३ मधील लिनक्स ६.५ मध्ये हा बदल आला. या बदलात एक शहाणपण होते. मूळ फायली कप्प्यांत गेल्या, पण ३२-बिट आर्मच्या बांधीव फायली यंत्रावर बसवताना पूर्वीप्रमाणे एकाच सपाट फोल्डरमध्ये उतरतील अशी सोय ठेवली गेली. जगभरच्या स्थापना-कार्यक्रमांनी जुने पत्ते गृहीत धरले होते आणि आपली नीटनेटकेपणाची हौस त्यांच्या गळ्यात मारायची नव्हती. ६४-बिट आर्म आणि रिस्क-फाइव्ह यांच्या शाखांत कंपनीनिहाय कप्पे कितीतरी आधीपासून होते. थोरल्या भावाच्या ठेचेने धाकटे शहाणे झाले होते.

कंपनीनिहाय मांडणी सोपी वाटते, पण कंपन्याही विकल्या जातात. फ्रीस्केल २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली. आज ३२-बिट आर्ममध्ये तिच्या चिपचा फोल्डर 'एनएक्सपी' या नावाने आहे, तर ६४-बिट आर्ममध्ये अजूनही 'फ्रीस्केल' हेच नाव आहे. फायलींच्या आत, प्रत्येक उपकरणाच्या ओळखीपुढे मात्र दोन्हीकडे फ्रीस्केलचा जुना संक्षेपच उपसर्ग म्हणून लागतो. तो बदलत नाहीत, कारण उपकरणाची ओळख हे एक वचन असते. जुन्या बूटलोडरने दिलेले वर्णन नव्या कर्नललाही समजले पाहिजे. फोल्डरचे नाव ही ग्रंथालयाची सोय झाली. ओळखीचे नाव हा करार झाला. पहिले बदलता येते, दुसऱ्याला हात लावायचा नसतो. रचना करणाऱ्या प्रत्येकाने हा भेद मनात कोरून ठेवावा.

तिसरा प्रश्न पडताळणीचा होता. कोणत्या उपकरणाच्या नोंदीत काय काय लिहायचे याचे नियम पूर्वी मुक्त गद्यात लिहिलेले असत. माणूस वाचे, यंत्राला ते कळत नसत. २०१८-१९ पासून हे नियम यंत्राला वाचता येतील अशा साच्यात रूपांतरित होऊ लागले. आता घड्याळाची नोंद राहून गेली किंवा इंटरप्टची संख्या जुळली नाही तर ते फाईल बांधतानाच कळते. या भाषेचे मूळ व्याकरणही २०१६ मध्ये 'डिव्हाइसट्री विनिर्देश' म्हणून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. कर्नलच्या बाहेर जाण्याचे स्वप्नही अंशतः साकारले : कर्नलमधील फायलींची एक स्वतंत्र प्रत तयार होत राहते आणि 'यू-बूट' हा बूटलोडर २०२४ पासून आपल्या हाताने केलेल्या नकला कमी करून तीच प्रत वापरू लागला. छोट्या उपकरणांसाठीच्या 'झेफिर' या प्रणालीने जुलै २०२४ च्या ३.७ आवृत्तीत आपले बोर्ड प्रोसेसर-प्रकाराच्या कप्प्यांतून काढून कंपनीनिहाय लावले, कारण एकाच चिपमध्ये दोन वेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर नांदू लागले होते आणि जुन्या वर्गीकरणात त्यांना जागाच उरली नव्हती.

या पार्श्वभूमीवर चेन्नईकडे पाहू. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. आयआयटी मद्रासमध्ये वी. कामकोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास त्यावर आधारित 'शक्ती' प्रकल्प हाती घेतला. प्रोसेसरांचे वर्ग ठरले : लहान नियंत्रकांसाठी ई-वर्ग, मध्यम क्षमतेसाठी सी-वर्ग, त्याहून वेगवान आय-वर्ग. रचना ब्लूस्पेक या उच्चस्तरीय हार्डवेअर-भाषेत लिहिली गेली आणि खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये 'राइसक्रीक' ही चिप इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने घडली आणि तिच्यावर लिनक्स चालले. त्याच वर्षी चंडीगडला १८० नॅनोमीटरची 'रिमो', २०२० मध्ये 'मौशिक' आणि पुढे 'आयरिस'. लिनक्सच्या मुख्य प्रवाहात रिस्क-फाइव्हचा प्रवेश जानेवारी २०१८ मधील ४.१५ आवृत्तीत झाला होता, हे लक्षात घेतले तर चेन्नईची मंडळी किती वेळेवर हजर होती हे ध्यानात येते.

येथे 'हार्डवेअर-वर्णन' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. ब्लूस्पेकमधील वर्णनातून चिप घडते; डिव्हाइस ट्रीतील वर्णनामुळे घडलेली चिप सॉफ्टवेअरला समजते. एक बांधकामाचा आराखडा, दुसरा मिळकतीचा उतारा. आराखडा आणि उतारा यांत तफावत पडली की काय होते, हे घर घेतलेल्या कोणालाही विचारावे.

'शक्ती'च्या विकास-संचात पिनाक, परशु आणि वज्र अशी तीन लक्ष्य-यंत्रे आहेत : पहिली दोन ई-वर्गाची, तिसरे सी-वर्गाचे, आणि तिन्ही एफपीजीए बोर्डांवर चालणारी. त्या संचाची मांडणी पाहण्यासारखी आहे. प्रोसेसरचा सामाईक भाग एका फोल्डरमध्ये, ड्रायव्हर दुसऱ्यात, आणि प्रत्येक यंत्रासाठी त्याच्या नावाचा वेगळा फोल्डर, ज्यात पत्त्यांची एक शीर्षक-फाईल. येथे कर्नलला देण्याचे झाड नाही. पत्ते कार्यक्रम बांधतानाच त्यात मुरतात. छोट्या नियंत्रकाला बूटच्या वेळी झाड वाचण्याइतकी स्मृती नसते, म्हणून हा मार्ग रास्त आहे. तत्त्व मात्र तेच : सामाईक ते वेगळे, यंत्रापुरते ते वेगळे.

लिनक्स चालवायचे तर झाड लागते. रिस्क-फाइव्हचा संकेत असा की कर्नलच्या हाती सूत्रे देताना एका रजिस्टरमध्ये प्रोसेसर-गाभ्याचा क्रमांक आणि दुसऱ्यात वर्णन-फाईलचा पत्ता ठेवायचा. हे काम बहुधा 'ओपनएसबीआय' नावाचे जागतिक, खुले फर्मवेअर करते. त्यात 'शक्ती'च्या सिरियल पोर्टचा ड्रायव्हर आहे आणि वर्णनातील 'शक्ती' हा उपसर्ग पाहून तो आपले उपकरण ओळखतो. २०२१ मध्ये क्यूईएमयूमध्येही 'शक्ती सी' हे संदर्भ-यंत्र दाखल झाले. म्हणजे ७०,४०० हा पत्ता आज चेन्नईतील रचनेत आहे आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या अनुकरण-प्रणालीच्या मूळ मजकुरातही आहे.

यातील गौरव उघड आहे. जबाबदारी थोडी झाकलेली आहे. एकच आकडा जेव्हा ब्लूस्पेकमध्ये, शीर्षक-फाईलमध्ये, डिव्हाइस ट्रीमध्ये आणि अनुकरण-प्रणालीत असा चार ठिकाणी राहतो, तेव्हा एका ठिकाणी बदल झाल्यास उरलेल्या तिन्ही ठिकाणी फेरफार कोण नोंदवणार? भौतिकशास्त्रात प्रकाशाचा वेग किंवा प्लांकचा स्थिरांक प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या सोयीने ठरवत नाही. त्यासाठी कोडाटाचा सामाईक तक्ता आहे, पहिला १९७३ मधला, आणि तो ठरावीक काळाने सुधारला जातो. चिपच्या जगातही एक मूळ नोंद ठरवून बाकीच्या तिच्यापासून यंत्राने काढणे, हाच टिकाऊ मार्ग आहे.

हे सारे आज निकडीचे का? एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह' कार्यक्रम जाहीर केला. 'शक्ती'बरोबर सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर त्यात आहेत, आणि चेन्नईत इनकोर व माइंडग्रोव्ह यांसारख्या नवोद्योगांनी याच आज्ञासंचावर काम उभे केले आहे. उद्या या चिप वीजमीटरमध्ये, रेल्वेच्या संकेत-पेटीत, रुग्णालयातील यंत्रात बसतील. ती उपकरणे दहा-पंधरा वर्षे चालतात. ज्या चिपचे वर्णन सामाईक, तपासलेल्या भांडारात आहे, तिच्यासाठी कर्नलची प्रत्येक नवी आवृत्ती, प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती जवळपास आपोआप येते. ज्या चिपचे वर्णन एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या बंद कपाटात आहे, ती त्याच्या निरोप-समारंभाच्या दिवशी असलेल्या आवृत्तीवर अडकून पडते. मग तिच्यातील प्रत्येक नवी सापडलेली सुरक्षा-फट उघडीच राहते. सिलिकॉन देशी असून उपयोग काय, जर दहा वर्षांनी त्याचा उतारा काढून देणारे कोणी नसेल? जमीन कसणाऱ्याची खरी, पण कज्जा उभा राहिला की कागद बोलतो.

अशा नोंदी ठेवण्याचे काम आपल्याकडे कमी प्रतीचे मानले जाते. प्रोसेसर रचणाऱ्याचे नाव शोधनिबंधात येते. त्याच्या पत्त्यांची फाईल नीट लावणाऱ्याचे नाव फेरफारांच्या इतिहासात एका ओळीत उरते. २०२३ मधील त्या मोठ्या फोल्डर-बदलाने एकही नवे उपकरण चालू केले नाही, एकही गणना वेगवान केली नाही. तरी त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला आपली फाईल कोठे ठेवायची हे विचारावे लागले नाही. विज्ञानातील वर्गीकरणाचे काम नेहमी असेच असते. वनस्पतिसंग्रहालयातील चिठ्ठी किंवा तारकांच्या सूचीतील क्रमांक यांचे मोल पहिल्या दिवशी कळत नाही. तिसऱ्या पिढीतला अभ्यासक शोधायला येतो तेव्हा कळते.

विद्यार्थी वाचकांसाठी शेवटी काही व्यवहाराचे. या क्षेत्रात शिरायला चिप-कारखाना लागत नाही, बोर्डही लागत नाही. लॅपटॉपवर क्यूईएमयू बसवा. त्यातील सर्वसाधारण रिस्क-फाइव्ह यंत्राला आपली वर्णन-फाईल बाहेर काढून द्यायला सांगता येते. डीटीसीने ती पुन्हा मजकुरात उलगडा आणि एकेक नोंद वाचा : स्मृती कोठे, सिरियल पोर्ट कोठे, कोणाचा इंटरप्ट क्रमांक किती. मग 'शक्ती सी' यंत्राचे पत्ते त्याच्या मूळ मजकुरातून काढून शेजारी मांडा. हाताशी रास्पबेरी पाय असेल तर चालू यंत्रातील 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्याचे झाड फोल्डर-फायलींच्या रूपात उघडून बघता येते. पुढची पायरी म्हणजे जुन्या गद्य-नियमांपैकी एखादा नव्या तपासणीयोग्य साच्यात बसवणे, किंवा एखाद्या भारतीय बोर्डाची फाईल तपासणी-साधनातून चालवून त्यातील त्रुटी दुरुस्त करून पाठवणे. जगभरातून असे शेकडो छोटे फेरफार स्वीकारले जातात. त्यासाठी पदवीचा दाखला मागत नाहीत. नोंद बरोबर आहे की नाही एवढेच पाहतात.

सांगली, नांदेड किंवा बेळगावच्या एखाद्या वसतिगृहात बसून चेन्नईत जन्मलेल्या चिपचा उतारा शुद्ध करता येतो. 'आयरिस'नंतर आणखी चिप येतील, त्यांची नावे बातम्यांत झळकतील. त्यांच्या नोंदी कोणाच्या हातच्या असतील, हे अजून ठरायचे आहे.